तू किती आहेस

रात्री दोन चाळीसला उशीखालचा फोन किंचाळतो.
अठ्ठावन्न. बाण खाली.
मी ऐकलंय. बाकिझिओनंही ऐकलंय.
हा श्वास झोपलेल्या माणसाचा नाही,
सात वर्षं शेजारी निजून एवढं तर कळतं.
दोघंही डोळे मिटून पडलोय
दुसऱ्याच्या उठण्याची वाट बघत.
तीन श्वास. चार. पाच.
हो, मी मोजले.
हल्ली मी सगळंच मोजते.

मग मी उठते. कधी तो उठतो.
हिशेब ठेवत नाही, असं आम्ही लोकांना सांगतो.
दोघांकडेही आहे तो, अगदी तारीखवार.

जर्दाळूच्या रसाचा छोटा खोका,
नळी ओठांना लागताच गाविनो झोपेतच ओढू लागतो,
चार वर्षांचा घोडा, तान्ह्यासारखा,
डोळेसुद्धा न उघडता.
इतका निर्धास्त
की क्षणभर मला त्या निर्धास्तपणाचाच राग येतो.

आणि मग पंधरा मिनिटं.
आकडा वर येईपर्यंत झोपायचं नाही.
टबाच्या कडेवर बसून मी शाम्पूची बाटली वाचते,
पुढून, मागून, पुन्हा पुढून.
बाहेर मिस्त्राल वारा खिडक्यांची फळकुटं आपटतोय,
दूर कुणाच्या तरी मेंढीची घंटा,
एकच, थांबून थांबून.
हातांना मिठवणीचा वास येतो, तो आता धुऊन जात नाही.
एकसष्ट.
अजून पंधरा.

माकोमेरच्या डेअरीत चीजच्या ढेपा रोज उलटाव्या लागतात.
मंगळवारी त्यांच्या रांगेत मी उभ्यानेच झोपले,
हातात ढेप तशीच.
फोरमन म्हणाला, बोनारिया, घरी जा, झोप काढ जरा.
चांगला माणूस आहे.
त्याला कसं सांगू,
घरीच तर झोप नाही.

मल्लेनामावशी म्हणाली, पोराला दृष्ट लागलीय.
तिनं ग्लासभर पाण्यात गव्हाचे दाणे सोडले,
ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली,
दाण्यांवर बुडबुडे आले की बघत राहिली.
मीही बघत राहिले.
किती ग्रॅम असतील, किती पिष्ट,
किती युनिट लागतील,
एवढंच माझ्या डोक्यात.

वाढदिवसाला गेलो की पर्समधून वजनकाटा निघतो,
आणि बायका बोलता बोलता थांबतात.
कागदासारखी पातळ भाकरी, तिचा एक तुकडा काट्यावर,
अठरा ग्रॅम,
आणि गाविनो टाचा उंचावून उभा,
केकवरची मेणबत्ती विझेपर्यंत सुई टोचून झाली पाहिजे म्हणून
शर्ट स्वतःच वर धरून.
कुणीतरी म्हणतं, किती गुणी आहे हो.
गुणी नको होता मला.
हट्टी चालला असता, लोळण घेणारा,
तोंडाला चॉकलेट फासलेला.

हे कुणाला सांगितलं नाही:
एकदा मी मोटारीत बसून राहिले,
घरासमोर, इंजिन बंद करून, वीस मिनिटं.
वरच्या खिडकीत दिवा होता.
फोन मांडीवर, आकडा बरा, बाण सरळ.
काहीच बिघडलं नव्हतं.
तरी मला वर जाववेना.

रविवारी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले होते.
काहीतरी उचलायला वाकले असेन,
उठायचं राहून गेलं.
तो आला, खणातलं जुनं यंत्र घेऊन,
माझं बोट धरलं,
म्हणाला, जराशीच टोचेल हं,
माझ्याच आवाजात, माझ्याच घाईनं.
फुंकरही माझीच.
मामा, तू किती आहेस?
पाच, चार, तीन, दोन –

एक्क्याण्णव.

यात बाण येत नाही, तो जरा हिरमुसून म्हणाला.
मग आकड्याकडे पुन्हा नीट पाहिलं, डॉक्टरीणबाईंसारखं.
बरी आहेस तू.
आणि बक्षीस म्हणून माझ्या मनगटावर
एका कानाचा ससा चिकटवला,
दुसरा कान त्याच्या बोटालाच राहिला.

सोमवारी कामावर जाताना मी तो काढला नाही.
मिठवणीत दुपारपर्यंत टिकला.