बिनमिठाचा बांगडा

चिपळूणच्या निवाराघरातून आणली तिला
आंब्याच्या करंडीत, वर जुना टॉवेल बांधून.
खेडपर्यंत ओरडली.
कंडक्टर म्हणाला, मांजराचं तिकीट नसतं बाई,
पण हा आवाज फुल तिकिटाचा आहे.
दापोली सुटली, उतार लागला, वारा खारट झाला
आणि करंडी एकदम गप्प.
मी तीनदा टॉवेलात बोट घालून बघितलं.
चौथ्यांदा तिने बोट बघितलं.
वण आहे अजून.

निवाराघरातल्या शलाकाने कागद दिला होता.
नावाच्या जागी: पिंजरा सतरा.
खाली: पहिले पंधरा दिवस एकच खोली.
ओढू नका. तिलाच येऊ द्या.
दूध नको.
आणि खाली दोन रेघा मारून: खिडकी.

खिडकीसाठी हुसेन मुकादमने कांडाळीचा तुकडा दिला,
बारीक आसेचा. दोन ठिकाणी फाटलेला, तो मी विणून घेतला.
म्हणाला, एवढं बंदर मोकळं पडलंय
आणि तू मांजर कोंडतेस?
मी खिळा ठोकत राहिले.

मनीला कोण कोंडत होतं!
ती साऱ्या हर्णैची होती,
लिलावात पुढे, होडीवर, मशिदीच्या पायरीवर.
जाळ्यांच्या गोदामात उंदरांना औषध ठेवलेलं.
ते उंदराने खाल्लं, उंदीर हिने.
सकाळी बर्फाच्या चुऱ्याशेजारी सापडली.
त्या दिवशी मी फॅक्टरीच्या वहीत आठशे लाद्या मांडल्या.
मालकाने मोजल्या तर आठशे चाळीस.
काही बोलला नाही, वही बंद करून दिली.

म्हणून या वेळी
चिऱ्यांच्या फटीत सिमेंट भरलं,
गेल्या श्रावणात तिथूनच फुरसं निघालं होतं.
ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या फेकल्या.
विहिरीवर फळी.
पुळणीवरची वाळू आणून तीन पाण्यांनी धुतली, वाळवली,
तिच्या घमेल्यात मीठ नको म्हणून.
एवढी तयारी माझ्या लग्नात झाली नव्हती.

आणि ती कपाटाखाली.
एक दिवस, दोन दिवस, सहा.
रात्री वाटी रिकामी व्हायची, एवढाच पुरावा.
हमीदा भांडंभर दूध घेऊन आली,
मांजराला दूध नाही म्हणजे काय, म्हणाली.
मी नको म्हणायच्या आत ओतलंही.
मग दोन दिवस मी घमेलं धूत बसले.
हमीदा आता दारातूनच विचारते.

दापोलीचे डॉक्टर तोडणकर म्हणाले, मासा उकडून द्या,
मीठ नाही, हळद नाही, काटे काढून.
मी बांगडा उकडला, आधी स्वतः चाखला.
आमच्या घराण्यात असला बांगडा
आजाऱ्यालाही कुणी दिला नसेल.
जंताची गोळी कुटून त्यात दडवली.
मासा गेला,
गोळी वाटीच्या कडेला, नीट चाटून ठेवलेली.

शलाका फोनवर म्हणाली, तिच्यापाशी बसून काहीतरी वाचा,
आवाजाची सवय होते.
माझ्याकडे वाचायला बर्फाची बिलं.
नवव्या रात्री जमिनीवर बसून वाचत होते,
दर्यादौलत, चाळीस लाद्या, रोख.
जलपरी, पंचवीस, रोख.
फातिमा, साठ लाद्या, उधार.

कपाटाखालून नाक आलं.
मग एक कान, टोक कापलेला,
ऑपरेशन झाल्याची खूण.
मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही.
पुन्हा वाचलं: फातिमा, साठ, उधार.
ती आली, बिलावर बसली.
साठचा आकडा पोटाखाली गेला.

लसीच्या कार्डावर तोडणकरांनी विचारलं, नाव?
उधारी, मी म्हटलं.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि लिहिलं.
पुढची लस एकवीस दिवसांनी.
वजन दोन किलो सातशे.
हे मात्र मी दोनदा वाचून घेतलं.

पंधरा दिवस कधीच झाले.
ती आता खिडकीत बसते,
होड्या लागल्या की जबडा थरथरतो,
जाळ्यातून नाक बाहेर काढून वास घेते बांगड्याचा,
मिठाच्या, हळदीच्या, खऱ्या बांगड्याचा.
मला वाईट वाटतं.

रात्री उठून गाठी तपासते.
कोपऱ्यातली एक सैल झाली होती काल.