टायर थंड असताना

सेमाडोहला पहाटे पाचला मीटर किंचाळलं.
मागचं, डावं, आतलं: चोपन्न.
लगेच उजवं. मग सहाही.

सुहासिनी स्वेटरवर शाल घेऊन, टॉर्च धरून
गाडीखाली वाकली.
खिळा नाही, काटा नाही.
व्हॉल्व्हला थुंकी लावली, बुडबुडा नाही.

शेकोटीपाशी कासदेकरांचा पोरगा:
"आत चूल हाये, पलंग हाये,
तरी काहून रडते?"

वणीला टेंभुर्णेंना फोन.
"हद्द बांधली कवा?"
मे महिन्यात, भर दुपारी, तुमच्याच दुकानापुढं.
डांबर चपलेला चिकटत होतं.
"मंग! तापलेलं टायर फुगवून सांगते, बाई.
त्याचं आयकून आकडा नाई टाकत.
रातभर उभी राहू द्या,
उन्ह लागाच्या आंधी मोजा.
जे निंगन, ते खरं."

घरघरत पंप चालला. पासष्ट, सहा वेळा.
खाली सत्तावन्न, वर ब्याऐंशी.
बोटं बधिर, बटण बारीक,
दोनदा चुकून भाषा चिनी झाली.

"आता नाई रडणार?"
पोरगा जरा हिरमुसला.
तिनं एक सेन्सर फिरवून काढला.
मीटरवर शून्य. मग ती किंकाळी.
सागावरून वानरं उधळली,
आणि तो हसत म्हणाला,
अजून एकदा.