पहिल्या धारेचा शनिवार

मंगळवारीच आर्मिंदाने काउंटरच्या काचेवर
बोटाने लिहिलं : शनिवार.
काचेला धूळ होती म्हणून दिसलं.
रांगेतल्या माणसाला वाटलं, आता बिलं शनिवारीच घेणार.
पुटपुटत निघून गेला.

बेत असा :
सकाळी रायबंदरहून फेरी,
दोन स्कूटर, तीन बायका,
चोडण ओलांडून मये.
तळ्याच्या वरच्या अंगाला विश्राम गांवसाची भाटी.
भाणाखाली लाकडं रात्रीपासून लागलेली असतील,
लावणीतून हुर्राक कोमट असतानाच ओतून देतो म्हणे.
मग तळ्याकाठी जेवण,
आणि ती हंसाच्या तोंडाची पायडलची बोट.
सुलक्षा पीत नाही,
ती फक्त बोटीसाठी येणार आहे.

मी लगेच हो म्हटलं.
सांगितलं नाही
की श्रावणातल्या त्या तापानंतर
मला कसलाच वास येत नाही.

घरी माहीत आहे.
दूध दोनदा करपलं, तेव्हा कळलं सगळ्यांना.
नवरा म्हणाला, बरं झालं,
तुझी बाजारातली मासळीची कटकट तरी गेली.
प्रेमानेच म्हणाला.
मी बांगड्याचा डोळा बघून घेते आता,
कल्ले उचलून,
बहिऱ्याने ओठ वाचावेत तशी.

अस्नोड्याला शाळेतून परतताना
या दिवसांत आधी बोंडवांचा वास यायचा,
गाव नंतर.
आई पदर नाकाला लावायची.
बाबा खिडकी उघडायचे.
मी दोघांच्या मधे उभी राहून
श्वास कुणाच्या बाजूने घ्यायचा ते ठरवत असे.

बुधवारी सगळे झोपल्यावर
ओट्यावर डबे मांडले. सराव म्हणून.
हिंग : पिवळी धूळ.
कॉफी : काळी धूळ.
कापूर जरा थंड लागला,
पण तो वास नव्हे, वारा झाला.
व्हिनेगरने डोळ्यांत पाणी आणलं
आणि मी उगाच पाच मिनिटं खूश होते.

गुरुवारी एका म्हाताऱ्याने
ओली शंभराची नोट सरकवली.
आर्मिंदा मागून म्हणाली, यो गो सायबा,
सकाळी सकाळी फेणी!
मी नोट उजेडात धरली, मग नाकाशी,
जणू खरी-खोटी तपासते आहे.
काही नाही.
म्हणजे, अगदी काहीच नाही असंही नाही.
नाकाच्या मुळाशी काहीतरी हुळहुळलं,
बंद घराच्या आतून कुणी कडी चाचपावी
तसं.
मी पावती फाडली. हात जरा कापला.
म्हातारा म्हणाला, बाय, तीन रुपये परत दे.

तेव्हापासून शनिवार फार मोठा झाला आहे.
विश्राम ग्लास हातात देईल
आणि सगळे भाटीवाले विचारतात तसं विचारील,
कसा आहे?
उत्तरं तयार ठेवली आहेत.
एक : यंदा कडक आहे.
दोन : गेल्या वर्षीपेक्षा बरा.
हे वास न येताही म्हणता येतं.
तिसरं उत्तर मला माहीत नाही,
ते आलंच तर
ग्लासातून येईल.

शुक्रवार. रात्रीचे दहा.
पिशवीत मीठ, सहा लिंबं, सोड्याच्या बाटल्या,
पंचात गुंडाळलेले तीन ग्लास.
सुलक्षाचा फोन : छत्री घेऊ का?
मार्च महिना आहे गो, म्हटलं.
नाही, तळ्यावर ऊन असतं ना, म्हणून.

शेवटी मिरच्या घेतल्या.
एकीचं देठ मोडलं,
बोटं सवयीने नाकाकडे निघाली,
आणि वाटेतच थांबवली.
आज नको.

नळाखाली हात धुतले,
पंचा पुन्हा उघडून ग्लास मोजले.
तीनच.
सुलक्षा पीत नाही,
तरी तीन.