उर्फ

पाथर्डी फाट्याच्या मागे, गल्ली चार, रो हाऊस सहा.
मंडळ अधिकारी आले तेव्हा मी गहू चाळत होते.
दोन पोलीस, एक पंच, पिशवीत हातोडी घेतलेला कुलूपवाला,
आणि कोपऱ्यावर पांढऱ्या गाडीत
काच वर करून बसलेला खरेदीदाराचा माणूस.

हांडगे वकिलांनी कागद वाचला. चष्मा काढून
शर्टाच्या टोकाला पुसला. परत वाचला.
"लिलावात घर घेतलं श्रीयश असोसिएट्सनं. भागीदारी पेढी.
ताबा मागतायत श्रीयश हॅबिटॅट एलएलपी.
साहेब, हे कोण?"

गाडीची काच चार बोटं खाली आली.
"आम्हीच."
"आम्हीच म्हणजे कोण?"

एवढ्या एका प्रश्नावर
आम्हाला सव्वीस दिवस मिळाले.

त्या दिवसांत ह्यांनी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला,
तीन वर्षं गळत होता.
आता कशाला, म्हटलं. म्हणाले, गळतोय म्हणून.
मी कुरडया घातल्या नाहीत.
वाळायला चार दिवस, आणि मग डबे कुठे ठेवायचे.
लाइटबिल भरलं मात्र. शेवटच्या तारखेच्या आत.

हेच घर गहाण ठेवलं, अंबडच्या शेडमध्ये
सीएनसी मशीन आणायला,
तेव्हा बँकेतल्या साहेबांनी माझे दोन कागद शेजारी ठेवले होते.
शाळेचा दाखला: चंद्रकला नथू शेवाळे.
आधार कार्ड: रश्मी पुंडलिक बोरस्ते.
"ताई, ह्या दोघी कोण?"
मीच, म्हणाले.
"मीच म्हणून चालत नाही."

सीबीएसजवळ, पत्र्याच्या शेडखाली,
टायपिस्टनं शंभराच्या स्टॅम्पवर बडवलं:
वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.
खाली नोटरीचा लाल शिक्का, थोडा तिरपा.

लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं नाव कोरलं होतं ह्यांनी.
सगळ्यांनी वाकून वाचलं.
नणंदेनं ताट उचललं, तांदूळ डब्यात ओतले.
दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला.

सत्ताविसाव्या दिवशी कोर्टात त्यांच्या वकिलानं
रूपांतराचं प्रमाणपत्र दिलं. एकच पान.
साहेब म्हणाले, पेढीचं जे जे होतं
ते ते आता एलएलपीचं.
हक्क, येणी, देणी, चालू दावे.
रूप बदललं, बाकी तेच.
हांडगे वकील खाली बसले.

मला हसू आलं, खरंच.
पेढीची एक खुर्चीसुद्धा मागे राहिली नव्हती.
माझी उंच उडी राहिली.
निफाड तालुक्यात पहिली,
ती कुठल्या प्रमाणपत्रानं रश्मीकडे यायची होती?
नथू शेवाळ्यांच्या मळ्यातली माझी सही नसलेली वाटणी,
ती तर सही करूनच सोडली होती,
भाऊ म्हणाला, रश्मी नको, जुनंच नाव लिही.
कर्ज मात्र आलं. दोन्ही नावांवर. व्याजासकट.

पंचनामा बोनेटवर ठेवला होता.
"इथं सही करा."
पेन कोरडं होतं, दोनदा घासलं,
आणि मी चंद्रकला लिहिलं.
च वर हात अडखळला, पंचवीस वर्षांची सवय नाही.
ह्यांनी पाहिलं. बोलले नाहीत.

मंडळ अधिकाऱ्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला,
"ह्या कोण?"
"आम्हीच," मी म्हणाले.

त्यांनी घड्याळ पाहिलं, अजून दोन ठिकाणी जायचं होतं.
माझ्या नावापुढे स्वतःच
उर्फ लिहिलं, आणि दुसरं नाव जोडून टाकलं.

किल्ल्या तीन दिल्या.
चौथी गच्चीची.
ती लावताना दार थोडं उचलावं लागतं,
तेही सांगितलं.