पालकाची सही

फॉर्मवर रक्तगटाचा रकाना होता.
अख्ख्या गावाचे रक्तगट माझ्या वहीत,
कोणाची तारीख कधी, कोणाचं हिमोग्लोबिन किती,
आणि घरच्याच पोरीचा मला ठाऊक नव्हता.
आरोग्य केंद्रात नेऊन बोट टोचलं मोनालीचं.
बी पॉझिटिव्ह.
"आता तरी सही कर ना वं, माय."

सही करायच्या आधी मी सगळं वाचते, सवय आहे.
'अपघात झाल्यास क्लब जबाबदार राहणार नाही.'
मग कोण, ते लिहिलेलं नव्हतं.
खाली एक रेघ होती फक्त,
माझ्या नावाएवढी.

क्लब म्हणजे तरी काय,
आर्वी रोडवरची बंद पडलेली गिट्टीखदान,
जाकीरभाईची पान्ह्यांची पेटी,
बोबड्यांच्या ट्रॅक्टरनं रचलेले मातीचे सात उंचवटे,
चुना फासलेले टायर,
आणि दर रविवारी सकाळी सहाला दहा पोट्टे
अन् एक पोट्टी.

गाडी तिच्या मामाची, जुनी, शंभर सीसी.
आरसे काढले, इंडिकेटर काढले,
पुढं तेलाच्या डब्याचा पत्रा, त्यावर सदतीस.
गुडघ्यांना कबड्डीचे पॅड,
पायात बापाचे जिनिंगमधले गमबूट,
टोकात कापूस कोंबलेला.
हेल्मेट तेवढं नवं.
माझ्या तीन महिन्यांच्या मोबदल्याचं ते,
हे मी घरात कोणाला सांगितलं नाही.

पहिले दोन रविवार गाडी चालूच केली नाही.
जाकीरभाई म्हणे, आधी पडायचं शिका.
कुटाराच्या ढिगावर पाडलं एकेकाला:
खांदा आत, हनुवटी छातीला, हात टेकायचा नाही.
मग पायदानावर उभं राहायचं,
आणि चाकाकडं पाहायचं नाही.
"नजर जाते तिथं गाडी जाते, बेटा.
गोट्याकडं पाह्यलं तर गोटाच भेटते."

घरी ती भांडी घासायची
ते गुडघे वाकवून, कोपरं बाहेर काढून.
तिचे बाबा म्हणत, हिले झालं काय?

पऱ्हाट्या उपटून झाल्या, तेव्हा पहिली शर्यत.
दोरीच्या आत पालकांनी यायचं नाही, असा नियम.
मी मात्र आत. पालक म्हणून नाही,
पट्ट्या, आयोडीन, बर्फाचा डबा घेऊन
फर्स्ट-एडवाली म्हणून.

रबरी दोरी सुटली.
सगळे गेले. सदतीस जागीच.
किक. पुन्हा किक.
तिसऱ्या किकला गाडी खोकलली आणि गेली.

दुसऱ्या वळणावर पडली.
पिवळा झेंडा वर.
पेटी हातात, एक पाय उचललेला,
आणि मला ठरवता येईना
मी कोण म्हणून धावायचं.
तेवढ्यात दिसलं, हात टेकला नाही.
खांदा आत. लोळली. उठली.
एक बूट मागं राहिलेला,
तो झेंडेवाल्या पोरानं फेकला, तिनं झेलला,
घालून मग गाडी उचलली.

मला बोलावणं आलं ते भलत्याच वळणावरून.
खंडात्यांचा नयन, कोपर सोललेलं,
ओठ घट्ट, डोळ्यांत पाणी.
"हलू नको राजा," म्हटलं.
जखमेत मुरूम होता, बारीक, एकेक खडा काढत बसले.
पाठीमागून सदतीस गेली, तो खोकला मी ओळखला.
पुन्हा गेली. अजून एकदा.
मान वळवली नाही.

दहावी आली. अकरावा माझ्यापुढं बसला होता.

हेल्मेट काढून आली,
डोळ्यांभोवती तेवढी पोरगी, बाकी सगळी धूळ.
"पाह्यलं काय?"
"हाव."
"खोटं बोलते. तुई पाठ होती इकडं.
हर चक्करले पाह्यलं म्या."
"तुले कुठी पाहाले सांगतलं होतं जाकीरभाईनं?"
ती हसली, दातांतून माती थुंकली.

रात्री माझ्या वहीत पुढच्या शर्यतीचा फॉर्म,
रक्तगट तिनंच भरलेला, ठसठशीत.
रेघ मोकळी.
पेन चालत नव्हता.
मी तो तळहातावर घासत बसले.