तळाची तारीख

साठ डॉलर लिहिले होते, पन्नासला ठरलं.
सॅस्काटूनच्या किराणा दुकानामागे, उणे बावीसात,
इंजिनं चालू ठेवून आम्ही दोघं उभे.

बोहदाननं बेस उलटा करून
तळाशी कोरलेली मुदत वाचली,
ओठ हलवत,
औषधाच्या बाटलीवरची वाचावी तशी.
मग विचारलं : अपघात?

नाही, म्हटलं.
आणि जीभ टाळूला चिकटली.

गेल्या मार्चात पुलावर, काळ्या बर्फावर
गाडीनं अख्खी गिरकी घेतली होती.
कशालाही न शिवता थांबली, उलट्या तोंडानं.
मागे इंग्रिड झोपलेली, मुठीत अर्धं बिस्किट,
बेसवरची हिरवी खूण हिरवीच.

सांगून टाकलं.
तो हसला नाही. हातमोजा काढून
लोखंडी पाय चाचपला,
खाचेतून बोट फिरवलं;
बिस्किटाचा चुरा निघाला, तो झटकला.
"हाच हवा," म्हणाला.

त्याच्या गाडीत खटका वाजला. दोनदा.
माझ्या हातात लाल नोट, थंडीनं कडक.

घरी निघताना मागच्या सीटवर दोन खोल खळगे,
आणि पलीकडच्या खिडकीशी, मोठ्या खुर्चीतून, इंग्रिड :
कुणाला दिलं?

एका बाळाला.
कुठंय ते?

अजून आलेलं नाही.