विनाकारण वळण

नकाशावर पट्टी ठेवून मी रेघ मारली:
जुन्या गोदीच्या फाटकापासून लाइफबोटीच्या शेडपर्यंत,
तीन मीटर रुंद,
चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची मिळून एक.
सोळाशे चाळीस मीटर. सरळ.

मी औशाची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सातवीच्या सहलीत,
तोही ओहोटीचा. गुरुजी म्हणाले होते, येईल परत.
इथे स्वान्सीत तो रोज माझ्या डब्यात वाळू घालतो.

चर्चच्या हॉलमध्ये बैठक झाली. बिस्किटं होती, भांडणंही.
ग्विलिम प्रॉसर म्हणाला, मध्ये पांढरा पट्टा हवाच,
ही घट्ट चड्डीवाली पोरं माणसाला खांब समजतात.
एक नर्स म्हणाली, मी पहाटे सहाला सुटते,
पट्टा राहू दे, दिवे द्या.
नेरिसबाईंनी पांढरी काठी मांडीवर आडवी ठेवली होती.
म्हणाल्या, घंटी वाजवा म्हणजे झालं.
मागून घंटी आली की कळतं,
कुणीतरी मला पाहिलं.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
मी वहीत लिहिलं: घंटी.

त्यांना सांगावंसं वाटलं, आमच्यात
वाट चालायचीही असते आणि बघायचीही,
आणि चार जणांत वाटायचं ते वाटणंही त्याच घरातलं,
आणि वाट लागली म्हणजे... असो.
पाट्या इंग्रजीत आणि वेल्शमध्ये मंजूर झाल्या होत्या.
तिसरीला जागा नव्हती.
मी चहाचा कप विसळून पालथा घातला.

फेब्रुवारीत काटेरी झुडपं काढली तेव्हा दिसली
कुंपणाच्या भोकातून आत शिरलेली पायवाट.
कधीपासूनची कोण जाणे. परवानगी न घेतलेली.
माझ्या रेघेच्या अंगाअंगाने इमानदारीत चाललेली
आणि पाचशे मीटरवर
एकाएकी डावीकडे वळून,
कशाला तरी मोठा वळसा घालून
पुन्हा रेघेवर आलेली.

मधल्या जागेत काहीच नव्हतं.
रडार फिरवलं: ना पाइप, ना केबल, ना पाया.
डॅरेल, आमचा रोलरवाला, म्हणाला,
लोक येडे असतात, दुसरं काय.
ग्विलिम म्हणाला, तिथे कोळशाचा ढीग होता, माझ्या बापाच्या वेळी.
छे, नेरिसबाई म्हणाल्या, कुत्रा. राखणदाराचा.
साखळी कुठवर पुरते ते मला भुंकण्यावरून कळायचं.
आणखी कुणी सांगितलं, डबकं.
प्रत्येकाच्या पायांना कारण वेगळं आठवत होतं.
वळण तेवढं एकच.

सरळ नेलं असतं तर अकरा मीटर वाचले असते.
बदलाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात
मी लिहिलं, पाण्याचा निचरा.
साहेबांनी न वाचता सही केली.
देव त्यांचं भलं करो.

डांबर पडलं त्या दिवशी वारा खाडीकडून होता,
तोंडात मीठ, नाकात डांबर.
डॅरेल सकाळपासून शिव्या देत होता,
वळणावरही देतच होता, पण रोलर मात्र
असा हळू, असा कडेकडेने नेला त्याने,
की मला आमच्या माजघरातली दुपार आठवली:
झोपलेल्याला ओलांडू नये, बाजूने जावं.
हे त्याला कुणी शिकवलं असेल?

आता संध्याकाळी मी तिथूनच घरी जाते.
पांढरा पट्टा मारला नाही. दिवे सोळा मागितले, नऊ मिळाले.
सायकली येतात, कलतात, सरळ होतात, जातात.
परवा एकाने थांबून विचारलंच,
इथे नक्की काय आहे हो?
मी म्हटलं, काही नाही.
तो त्या काही नाहीकडे बघत उभा राहिला,
मीही.

मागून घंटी वाजली.
आम्ही दोघं बाजूला झालो.